मिशनरी सोसायट्यांचा कारभार: पैसा कुठून यायचा आणि हुकूम कोणाचा चालायचा?

रुजुवात

एकोणिसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट मिशनरी सोसायट्यांचे छापील वार्षिक अहवाल आता इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण वाचताना बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही. धर्मप्रसार चांगला की वाईट हा वाद इथे नको, त्यावर धागे कमी नाहीत. माझे प्रश्न निव्वळ कारभाराचे आहेत.

१. सोसायटी म्हणजे नेमकं काय? चर्चचं एखादं खातं, सरकारी उपक्रम, की खासगी मंडळ?
२. पैसा जमायचा कसा, आणि लंडन-बोस्टनहून हजारो मैलांवरच्या ठाण्यात पोचायचा कसा?
३. कोणाला निवडायचे? तिकडे गेलेल्या माणसाने काय करायचं हे कोण ठरवायचं?
४. अहवालातल्या आकड्यांवर कितपत भिस्त ठेवावी?

हुंडीवाले

१ आणि २ वर लिहितो.

बहुतेक सोसायट्या म्हणजे वर्गणीदारांची खासगी मंडळं. आधी असं नव्हतं. मिशन राजाच्या नाहीतर रोमच्या तिजोरीवर चालायचं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश मुलखांत सूत्रं राजाच्या हातात होती, आणि ती थोडी सैल करून घ्यायलाच रोमने १६२२ साली प्रपागांडा फिदे हे स्वतःचं खातं काढलं. तामिळनाडूतलं तरंगमबाडी मिशन (१७०६) तर तिहेरी मामला होता: पैसा आणि आश्रय डेन्मार्कच्या राजाचा, माणसं जर्मनीतल्या हाल्लेची, छपाईचं सामान लंडनच्या एसपीसीके या संस्थेचं.

१७९२ पासून साचा बदलला. २ ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या केटरिंग गावी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली तेव्हा एकूण वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स, आणि तीही रोख नव्हे. आकडे टाकलेल्या चिठ्ठ्या एका तपकिरीच्या डबीत गोळा केल्या होत्या. नियम असा की वर्षाला १० शिलिंग ६ पेन्स किंवा एकरकमी १० पौंड देईल तो सभासद. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विल्यम कॅरीने त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तिकेत व्यापारी कंपनीचं उदाहरण सरळ समोर ठेवलं होतं: व्यापारी सनद मिळवतात, भांडवल जमवतात, जहाजं धाडतात, मग आपण का नाही? पुढे लंडन मिशनरी सोसायटी (१७९५), चर्च मिशनरी सोसायटी म्हणजे सीएमएस (१७९९), बोस्टनचं अमेरिकन बोर्ड (१८१०) आणि बासेल मिशन (१८१५) निघाली. तपशील वेगळे, पण कमिटी, खजिनदार आणि चिटणीस ही त्रयी सगळीकडे. त्यात खरा वजनदार माणूस चिटणीस, कारण पत्रव्यवहार त्याच्या हातात.

पैसा जमवायची खरी युक्ती मोठ्या देणगीदारांत नव्हती, ती आठवड्याच्या पेनीत होती. गावोगावी साहाय्यक शाखा काढायच्या, प्रत्येक गोळा करणाऱ्याकडे ठरावीक घरं द्यायची, आणि बदल्यात फुकट मासिक किंवा चित्रांचं पत्रक घरी पोचवायचं. सीएमएसने १८१६ पासून अशी तिमाही पत्रकं काढली, ती पेनीवाल्यांसाठीच. मुलांनाही यात ओढलं. लंडन सोसायटीचं 'जॉन विल्यम्स' हे जहाज १८४४ मध्ये मुलांनी जमवलेल्या पैशांवर पॅसिफिकला निघालं. अमेरिकन बोर्डाने १८५६ च्या 'मॉर्निंग स्टार' जहाजाचे दहा-दहा सेंटचे शेअर मुलांना विकले आणि प्रत्येकाला छापील सर्टिफिकेट दिलं. लाभांश अर्थातच शून्य.

आता रक्कम पोचवण्याबद्दल. रोकड क्वचितच जायची. मिशनरी कलकत्त्यात किंवा मुंबईत आपल्या सोसायटीच्या खजिनदारावर हुंडी लिहायचा आणि ती एखाद्या युरोपियन अडत पेढीला विकायचा. पेढीला लंडनमध्ये पैसे हवेच असायचे, त्यामुळे गिऱ्हाईक मिळायचं. यात तीन ठिकाणी दगाफटका:

पहिला, भाव. हुंडी कोणत्या दराने खपते यावर वर्षाचा खर्च ठरायचा, आणि लंडनला त्याची खबर काही महिन्यांनी.

दुसरा, पेढीच बुडणं. १८३० मध्ये पामर आणि कंपनी कोसळली, १८३४ च्या सुरुवातीपर्यंत कलकत्त्याच्या बाकी मोठ्या पेढ्याही गेल्या. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) बाप्टिस्ट मिशनच्या ठेवी त्यात अडकल्या होत्या.

तिसरा, मायदेशातली मंदी. अमेरिकेत १८३७ चं आर्थिक संकट आलं तसं बोस्टनने सगळ्या ठाण्यांना खर्च कापायला लावला. श्रीलंकेतल्या जाफन्यात त्यांना शाळांमागून शाळा बंद कराव्या लागल्या. त्या वर्षाच्या अहवालात विद्यार्थी एकदम घटलेले दिसले की लोकांचा विरोध वाढला असं अनुमान काढू नये. आधी बोस्टनचा ताळेबंद बघावा.

आणखी एक. १८७० च्या दशकापासून चांदी घसरली आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. त्या काळातले रुपयातले आणि पौंडातले आकडे वर्षावर्षाने थेट ताडून पाहू नका.

फुटीर_मंडळी

वरच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. 'खासगी मंडळ' हे स्कॉटलंडला सरसकट लागू नाही. तिथे राष्ट्रीय चर्चच्या महासभेनेच १८२४ मध्ये मिशन हाती घेतलं आणि १८२९ मध्ये अलेक्झांडर डफला कलकत्त्याला पाठवलं. मुंबईचे जॉन विल्सन आले ते खासगी स्कॉटिश मिशनरी सोसायटीकडून, पण १८३५ मध्ये ते मिशन चर्चकडे गेलं.

हा फरक कागदावरचा नाही. १८४३ मध्ये स्कॉटिश चर्च फुटलं तेव्हा हिंदुस्थानातले त्यांचे सगळे मिशनरी फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले. इमारती, ग्रंथालय, उपकरणं मात्र मूळ चर्चच्या नावावर. डफला कलकत्त्यात आणि विल्सनना मुंबईत नव्याने जागा उभ्या कराव्या लागल्या. त्यामुळे १८४३ नंतर एकाच शहरात 'स्कॉटिश मिशन'च्या दोन शाळा दिसल्या तर छापखान्याची चूक समजू नये.

केप_मार्गे

माणसांच्या निवडीबद्दल. सुरुवातीचा समज असा होता की सुतार, लोहार, विणकर असे कसबी लोक पाठवले की हात चालवता चालवता धर्म शिकवतील. त्याची परीक्षा लंडन सोसायटीच्या पहिल्याच जहाजाने घेतली. 'डफ' हे जहाज (वरच्या डफशी संबंध नाही) १७९६ मध्ये तीस पुरुषांना घेऊन निघालं. त्यांतले दीक्षित पाद्री फक्त चार, बाकी बहुतेक कारागीर. ५ मार्च १७९७ ला ते ताहितीला पोचले. वर्षभरात तिथले अकरा जण घाबरून सिडनीला निघून गेले. टोंगात दहा जण उतरवले होते, त्यांतले तिघे १७९९ च्या यादवीत मारले गेले आणि एकाने मिशन सोडून स्थानिकांचं जिणं पत्करलं. मार्केसास बेटांवर दोघांना ठेवायचं होतं, पण एकाने राहायलाच नकार दिला. 'डफ'ची दुसरी फेरी तर पोचलीच नाही, फ्रेंच खासगी लढाऊ जहाजाने ती वाटेत पकडली.

कारण उघड होतं. भाषा येत नाही, राजकारण कळत नाही, आणि ज्या कसबासाठी नेलं त्याला तिथे माल नाही की गिऱ्हाईक नाही. त्यानंतर लंडन सोसायटीने इंग्लंडमधल्या गॉसपोर्टला डेव्हिड बोगच्या शाळेत उमेदवार शिकवायला सुरुवात केली. सीएमएसची अडचण वेगळी. त्यांना इंग्रज पाद्री मिळेनातच. म्हणून १८०४ मध्ये पश्चिम आफ्रिकेला गेलेले त्यांचे पहिले दोघे, रेनर आणि हार्टविग, जर्मन लुथरन होते, बर्लिनच्या शाळेतून घेतलेले. १८२५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्वतःचं कॉलेज निघालं तेव्हा कुठे इंग्रज उमेदवारांची सोय लागली. जर्मन माणसं आणि इंग्लिश चर्चचे नियम हे लग्न फार टिकणारं नव्हतंच. तिरुनेलवेलीत त्यांचा जर्मन मिशनरी ऱ्हेनियस १८३५ मध्ये, पाद्र्यांना दीक्षा कोणी द्यायची या प्रश्नावरून सोसायटीपासून तुटला.

पश्चिम आफ्रिकेत मलेरियाने माणसं पोचल्या पोचल्या जायची. १८५४ च्या नायजर मोहिमेत डॉ. बेकीने क्विनाइन आजारी पडायची वाट न पाहता नेमाने द्यायला लावलं आणि तापाने एकही युरोपियन दगावला नाही. १८४१ च्या नायजर मोहिमेत तापाने उडवलेली दैना डोळ्यांसमोर असताना हा मोठाच फरक. १८५४ आधीच्या सिएरा लिओनच्या याद्यांमध्ये दर दोन-तीन वर्षांनी सगळी नावं बदललेली दिसतात ती बदल्यांमुळे नव्हेत.

बायकांचं काय? लग्न झालेल्या स्त्रीचं काम यादीत निघत नाही. अमेरिकन बोर्ड तिला 'साहाय्यक मिशनरी' म्हणायचं, पगार नवऱ्याचा. अविवाहित बाई १८६० पर्यंत अपवादच. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या या अपवादातल्या अगदी पहिल्या. १८६० च्या दशकात बायकांनी स्वतःची मंडळं काढली, पैसा स्वतः जमवला, आणि शतक संपेपर्यंत अमेरिकन मिशनऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांचे हिशोब आणि मासिकं वेगळी असतात. मुख्य सोसायटीचा अहवाल एवढाच वाचला तर अर्धं काम दिसतच नाही.

रुजुवात

उत्तम माहिती. तिसरा प्रश्न अजून लटकलेला आहे. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? लंडनला पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष लागत असेल तर तिकडचा माणूस मनाला येईल ते करत नसेल का?

दप्तरबंद

करायचाच. केपला वळसा घालून जहाजाला चार ते सहा महिने, म्हणजे प्रश्न आणि उत्तर मिळून वर्ष. सुएझमार्गे आगबोटी सुरू झाल्यावर हे काही आठवड्यांवर आलं, १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली, आणि मायदेशातल्या कमिटीची पकड तसतशी घट्ट झाली. माझ्या मते मिशनच्या इतिहासात धर्मशास्त्रापेक्षा टपालाने आणि मालमत्तेच्या खतांनी जास्त गोष्टी ठरवल्या.

सगळ्यात बोलकं उदाहरण बाप्टिस्ट सोसायटीचं श्रीरामपूर. तो डेन्मार्कचा मुलूख, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना १८०० मध्ये तिथे ठाणं मांडता आलं. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी सामाईक चूल ठेवली. कॅरी कलकत्त्याला कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा. पगार सुरुवातीला महिना ५०० रुपये, पुढे १०००. मार्शमन दांपत्याच्या शाळांची फी येई, वॉर्डचा छापखाना चाले. घरखर्चापुरतं ठेवून बाकी सगळं मिशनच्या खात्यात. सोसायटीकडून येणारा पैसा या कमाईपुढे थोडा. अँड्र्यू फुलर सोसायटीचा चिटणीस होता तोवर त्याने यात ढवळाढवळ केली नाही. १८१५ मध्ये तो वारला, नवी कमिटी आली आणि तिने विचारलं: इमारती कोणाच्या नावावर आहेत? विश्वस्त नेमायचा हक्क कोणाचा? श्रीरामपूरकरांचं म्हणणं, आम्ही कमावलं, आम्ही विश्वस्त. नव्याने आलेले तरुण मिशनरी कलकत्त्याला वेगळे झाले आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर सोसायटीतून फुटलंच. मग पेढ्या बुडाल्या, कॉलेजातली नोकरीही उरली नाही, स्वावलंबनाचा पाया गेला. कॅरी १८३४ मध्ये वारला. १८३७ मध्ये मिशन परत सोसायटीकडे आलं.

दुसरा प्रकार, कमिटी स्वतःच सोडून द्यायला निघते तेव्हाचा. सीएमएसचा चिटणीस हेन्री व्हेन आणि बोस्टनचा रूफस अँडरसन, दोघांचं सूत्र जवळपास एकच: स्थानिक चर्चने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, कारभार स्वतः करावा, प्रसारही स्वतः करावा, आणि मिशनऱ्याने पुढच्या मुलखात निघून जावं. ऐकायला छान. पण अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थान आणि श्रीलंकेत आला तो इंग्रजी शाळांवर कात्री लावायलाच. खेड्यातल्या चर्चला देशी भाषेत शिकलेला पाद्री परवडतो, इंग्रजी शिकलेला सरकारी नोकरीत जातो, असा त्याचा हिशोब. जाफन्याची बाट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली. पालकांना इंग्रजीच हवं होतं, ते दुसरीकडे गेले.

व्हेनच्या सूत्राची कसोटी नायजरवर लागली. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेला योरुबा मुलगा सॅम्युएल अजायी क्रौथर १८६४ मध्ये बिशप झाला आणि नायजर मिशन संपूर्ण आफ्रिकी माणसांवर चालू लागलं. सुरुवातीची बरीच वर्षं त्याला ना स्वतःची बोट, ना नीट देखरेखीची साधनं. व्यापारी कंपनीच्या आगबोटीवर अवलंबून फिरायचं. १८७३ मध्ये व्हेन वारला. नंतर लंडनने अर्थकमिटी नेमून पैशाच्या किल्ल्या युरोपियनांकडे दिल्या आणि १८९० मध्ये केंब्रिजहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी बिशपसमोरच त्याच्या पाद्र्यांना निलंबित केलं. क्रौथरने कमिटीचा राजीनामा दिला, १८९१ च्या अखेरीस तो गेला, आणि जागी युरोपियन बिशप आला. काही पाद्र्यांच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारी खऱ्याही असतील, पण ज्या पद्धतीने निकाल लावला तो साम्राज्याच्या ऐन भरातला होता. त्याचा परिणाम पश्चिम आफ्रिकेत स्वतंत्र चर्चं निघण्यात झाला.

याला उलटा नमुना चायना इनलँड मिशन, १८६५. हडसन टेलरने मुख्य अधिकार चीनमध्येच ठेवला, ठरलेला पगार नाही, कर्ज काढायचं नाही, कोणाकडे हात पसरायचा नाही, पोशाख चिनी. चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडात १९०० मध्ये याच मिशनची सर्वांत जास्त माणसं मारली गेली, ५८ मोठी आणि २१ मुलं. नुकसानभरपाई घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला.

हुंडीवाले

पैशाबद्दल एक राहिलं होतं. सगळा पैसा पेनीवाल्या विधवांचा नव्हता. एसपीजी या अँग्लिकन सोसायटीला १७१० मध्ये बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टनचे ऊसमळे मृत्युपत्राने मिळाले, गुलामांसकट. सुरुवातीला तिथल्या गुलामांच्या छातीवर 'सोसायटी' हा शब्द डागला जायचा. १८३० च्या दशकात ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपेपर्यंत ही मालकी चालू होती. अहवालाच्या जमाखर्चात इस्टेटींचं उत्पन्न दिसलं तर ते कुठलं हे जरूर तपासा.

अहवालवाचक

चौथा प्रश्न. छापील अहवाल हा देणगीदारासाठी लिहिलेला कागद आहे. खोटा नसतो, पण निवडक असतो. वाचायची पद्धत अशी ठेवावी.

आधी सोसायटी पक्की करा. 'बाप्टिस्ट मिशन' एवढ्यावर जाऊ नका. इंग्लिश वेगळं, अमेरिकन वेगळं. अडोनिराम जडसन १८१२ मध्ये अमेरिकन बोर्डाकडून निघाला आणि प्रवासानंतर बाप्टिस्ट झाला, त्यामुळे त्याची पहिली पत्रं एका दप्तरात आणि नंतरची दुसऱ्यात.

मग वर्ष. लंडनच्या सभा मे महिन्यात भरायच्या. त्या अहवालातली लांबच्या ठाण्याची हकिकत आदल्या वर्षीची असते, केपच्या काळात त्याहूनही जुनी. पत्राची लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख वेगवेगळी टिपा.

संख्येचे रकाने एकमेकांत मिसळू नका. प्रभुभोजनात भाग घेणारे सर्वांत कमी, बाप्तिस्मा झालेले त्याहून जास्त (यात तान्ही मुलं आली; बाप्टिस्ट तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाहीत, ते सोडून), आणि नुसते येणारे-जाणारे त्याहून जास्त. प्रचारपत्रकात तिसरा आकडा पुढे केलेला असतो. शाळेच्या रकान्यातली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतातच. आकडा एकदम फुगला तर दुष्काळाचं साल आहे का पाहा, एकदम घटला तर निधी कापला होता का पाहा. बेरीज चुकलेली असली तर मागच्या वर्षाचा आकडा तसाच उचललेला असण्याची शक्यता मोठी.

गावांची नावं रोमन लिपीत त्या काळच्या कानाने लिहिलेली असतात. शिरूरचं 'सीरूर', अहमदनगरचं 'अहमदनग्गर'. शोधयंत्रात आजचं स्पेलिंग टाकून काही मिळत नाही. जुन्या नकाशातली तीन-चार रूपं करून शोधा.

आणि यादीत नसलेली माणसं शोधा. पंडित, शिक्षक, पुस्तकं विकत हिंडणारे, बायबल-बाया (घरोघरी बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या स्थानिक स्त्रिया) यांना अहवालात बहुधा 'देशी साहाय्यक' एवढंच नाव. मूळ पत्रांत आणि पगारपत्रकांत नावं सापडतात. नाशिकजवळच्या शरणपूरला सीएमएसच्या आश्रमात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत. त्यांतल्या जेकब वेनराइटने आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन वारल्यावर झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला, शव किनाऱ्यावर नेणाऱ्यांत तो होता, रोजनिशी ठेवली, आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदाही दिला. शरणपूरच्या वार्षिक तक्त्यात असा मुलगा म्हणजे 'विद्यार्थी' या रकान्यातला एक.

रुजुवात

मूळ पत्रं बघायची तर जायचं कुठे? आणि मोठ्या ढिगात शिरायचं कसं?

अहवालवाचक

लंडन सोसायटीची आणि मेथडिस्टांची कागदपत्रं लंडनच्या सोआस ग्रंथालयात, सीएमएसची बर्मिंगहॅम विद्यापीठात, बाप्टिस्टांची ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात, अमेरिकन बोर्डाची हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात, स्कॉटिशांची बरीचशी एडिनबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, बासेलची बासेललाच. बऱ्याच दप्तरांच्या मायक्रोफिल्म झालेल्या आहेत, तेव्हा प्रवास ठरवण्याआधी जवळच्या विद्यापीठात चौकशी करा. बासेलची जुनी पत्रं जुन्या जर्मन हस्ताक्षरात आहेत, नुसतं जर्मन येऊन भागत नाही.

शिरायचं तर सीएमएसच्या १८८० नंतरच्या कागदांपासून. त्या सालापासून तिकडून आलेल्या प्रत्येक पत्राला वर्षवार क्रमांक आहे आणि कमिटीसाठी गोषवाऱ्याची छापील वही आहे: पत्राची तारीख, पोचल्याची तारीख, मजकुराचा सारांश आणि शेजारी त्यावर झालेला ठराव. आधी ती वही चाळायची, हवे ते क्रमांक उतरवायचे, मग तेवढीच पत्रं मागवायची. १८८० आधीच्या दप्तरांना ही सोय नाही. तिथे मिशनऱ्याच्या नावाने लावलेले गठ्ठे आहेत, म्हणून त्या ठाण्यावर कोण कधी होता याची यादी वार्षिक अहवालांतून आधीच करून न्यावी लागते.